चेहरा वाचणारे यंत्र आणि मन जाणणारा माणूस

(नवापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



नवापूरच्या किनाऱ्यावर दोन जगे शेजारी शेजारी नांदतात. समोर समुद्र आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्यावर उदरनिर्वाह करणारा मच्छीमार समाज आहे. पाठीमागे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि उत्तरेकडे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ पासून उभे आहे. या दोन्ही जगांत एक गोष्ट समान आहे. बोटीवर इंजिनाच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाहीत, तेव्हा तांडेलाच्या हाताचा इशारा खलाशाला पुरतो. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात अनुभवी फोरमन कामगाराच्या चालीवरूनच ओळखतो की आज याचे लक्ष ठिकाणावर नाही. घरी आलेल्या मुलाने चप्पल कशी काढली यावरून त्याच्या परीक्षेचा पेपर कसा गेला हे आईला कळते. मनुष्य तोंडाने जेवढे बोलतो त्याहून कितीतरी अधिक तो डोळ्यांनी, भुवयांनी, खांद्यांनी आणि मौनाने बोलत असतो.

ही अबोल भाषा आजवर माणूसच माणसाकडून शिकत आला. आता ती यंत्राला शिकविली जात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील ही घडामोड दूर कोठेतरी प्रयोगशाळेत चालली आहे असे समजून चालणार नाही. असे कॅमेरे उद्या नोकरीच्या मुलाखतीत, शाळेच्या वर्गात, कारखान्याच्या फाटकावर आणि पोलीस ठाण्यात बसू शकतात. काही ठिकाणी बसलेही आहेत. म्हणून हे यंत्र नेमके काय पाहते, काय पाहू शकत नाही आणि त्याच्या हाती कोणता निर्णय द्यावा, याचा विचार सामान्य कुटुंबांनीही करणे अगत्याचे झाले आहे.

यंत्र शिकते कसे?

चेहऱ्याचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य धक्का देऊन भाव उमटविण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. खऱ्या हास्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, हे निरीक्षण त्यांचेच. १८७२ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी मनुष्य आणि प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवर ग्रंथ लिहिला. पुढे १९७८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या दृश्य हालचालींची पद्धतशीर मोजदाद करणारी एक संहिता सिद्ध केली. भुवईची आतली कड उचलणे, गाल वर जाणे, ओठांचे कोपरे ताणले जाणे अशा चाळीसहून अधिक हालचालींना तीत क्रमांक दिलेले आहेत. १९९७ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या रोझालिंड पिकार्ड यांच्या ग्रंथाने संगणकाला मानवी भावनांची जाण देण्याच्या विद्याशाखेचा पाया घातला.

आजचे यंत्र याच वाटेने पुढे गेले आहे. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात ते प्रथम चेहरा शोधते, त्यावर शेकडो बिंदू बसविते आणि हे बिंदू क्षणोक्षणी कसे सरकतात याची नोंद ठेवते. गालावरच्या त्वचेच्या रंगात नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणारा सूक्ष्म बदल माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. साधा कॅमेरा मात्र तो टिपू शकतो आणि त्यावरून हृदयाची गती काढता येते. इथवर यंत्राची कामगिरी निर्विवाद थक्क करणारी आहे.

प्रश्न यानंतर सुरू होतो. सरकलेल्या बिंदूंचा अर्थ काय, हे यंत्राला कोणी सांगायचे? ते माणसेच सांगतात. लाखो छायाचित्रे वेतनावर बसविलेल्या लोकांना दाखविली जातात आणि प्रत्येक चित्रापुढे 'आनंद', 'क्रोध', 'भय' अशी चिठ्ठी लावून घेतली जाते. त्या चिठ्ठ्यांवरून यंत्र शिकते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अफेक्टनेट' या विख्यात संग्रहात दहा लाखांवर चित्रे गोळा केली होती. त्यातील काही चित्रे दोन स्वतंत्र व्यक्तींना दाखवून पाहिली, तेव्हा त्यांचे एकमत जेमतेम ६० टक्के चित्रांबाबत झाले. शिकविणाऱ्या गुरूंचेच जिथे दहापैकी चार वेळा पटत नाही, तिथे शिष्याच्या उत्तरावर किती भिस्त ठेवायची?

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. चिठ्ठी लावणाऱ्याने त्या व्यक्तीचे मन पाहिलेले नसते. त्याने केवळ चित्र पाहून अंदाज केलेला असतो. म्हणजेच यंत्र 'हा मनुष्य रागावला आहे' असे शिकत नाही. 'असा चेहरा पाहून लोक त्याला रागावलेला म्हणतात' एवढेच शिकते. या दोन विधानांतील अंतर फार मोठे आहे.

भरतमुनींनी केलेला विवेक

भारतीय परंपरेत या विषयाचा विचार सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी झाला होता. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात मस्तकाचे तेरा, दृष्टीचे छत्तीस, भुवयांचे सात, पापण्यांचे नऊ, नासिका, गाल आणि अधर यांचे प्रत्येकी सहा प्रकार सांगितले आहेत. चेहऱ्याच्या हालचालींची इतकी बारीक वर्गवारी प्राचीन जगात क्वचितच झाली असेल. २०२५ मध्ये युनेस्कोने या ग्रंथाच्या हस्तलिखितांचा 'जागतिक स्मृती' नोंदवहीत समावेश केला, ही प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

परंतु केवळ 'आमच्याकडे हे पूर्वीच होते' असे म्हणून थांबणे म्हणजे भरतमुनींना अर्धेच वाचणे होय. त्यांचे खरे मोठेपण वर्गवारीत नाही, विवेकात आहे. नाट्यशास्त्र विभाव आणि अनुभाव यांत स्पष्ट भेद करते. ज्यामुळे भाव जागृत होतो ते कारण, ती परिस्थिती, म्हणजे विभाव. आणि शरीरावर जे उमटते तो अनुभाव. या दोहोंच्या जोडीला येत-जात राहणाऱ्या तेहतीस व्यभिचारी भावांचा संयोग झाला, तरच रसाची निष्पत्ती होते. एकट्या अनुभावावरून निर्णय नाही.

अश्रूंचेच उदाहरण घेऊ. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव. त्यांपैकी अश्रूंची कारणे सांगताना नाट्यशास्त्र आनंद, क्रोध, भय आणि शोक यांच्याबरोबरच धूर, काजळ, जांभई, टक लावून पाहणे, थंडी आणि रोग यांचाही उल्लेख करते. चुलीपुढे बसलेल्या गृहिणीच्या डोळ्यांतील पाणी आणि लेकीच्या पाठवणीला तिच्याच डोळ्यांत आलेले पाणी कॅमेऱ्याला एकसारखेच दिसणार. फरक डोळ्यांत नाही. तो चुलीत आणि मांडवात आहे. यंत्र अनुभाव टिपते, विभाव त्याला ठाऊक नसतो.

शिवाय नाट्यशास्त्र हे मुळात अभिनयाचे शास्त्र आहे. मनात शोक नसतानाही शोकाचा अनुभाव देहावर कसा आणावा, हे ते शिकविते. जी गोष्ट अभ्यासाने साधता येते ती सत्याची खात्रीशीर खूण कशी मानता येईल?

आधुनिक विज्ञानही याच निष्कर्षाकडे आले आहे. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरील शेकडो संशोधनांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. चेहऱ्याची विशिष्ट ठेवण आणि विशिष्ट भावना यांचे नाते मानले जाते तितके पक्के नाही, असे त्यात दिसून आले. रागावलेला मनुष्य कपाळाला आठ्या घालतो तो सुमारे ३० टक्के प्रसंगी. उरलेल्या वेळी तो शांत राहतो, हसतो, कधी रडतोही. आणि आठ्या तर गणित सोडविणाऱ्या विद्यार्थ्याच्या कपाळावरही असतात.

डोळे-नाक नसलेले चित्र

पालघर जिल्ह्याला या बाबतीत स्वतःचे एक शहाणपण लाभले आहे. वारली चित्रातील माणूस आठवावा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले, टोकाशी टोक भिडलेले दोन त्रिकोण, वर एक वर्तुळ आणि काड्यांसारखे हात-पाय. त्या वर्तुळात डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. तरीही भात लावणारी बाई थकली आहे की उमेदीत आहे, तारप्याभोवती फेर धरणारे तरुण कोणत्या लयीत आहेत, हे पाहणाऱ्याला कळते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर पोहोचविली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग जणू याच कलेचे शास्त्रीय प्रतिरूप होते. माणसाच्या सांध्यांवर लहान दिवे लावून त्याला अंधारात चालविले. पाहणाऱ्यांना फक्त काही हलते ठिपके दिसत होते, तरी त्यांनी तो चालणारा मनुष्य आहे हे क्षणार्धात ओळखले. आजची देहबोली टिपणारी यंत्रणाही माणसाला खांदे, कोपरे, गुडघे अशा बिंदूंत आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांत उतरविते. संगणकाच्या पडद्यावर ती आकृती पाहिली तर वारली चित्राचीच आठवण होते.

मात्र एक मूलभूत भेद आहे. वारली चित्रकाराने मानवाकृती एकटी काढलेली नसते. भोवती झोपडी असते, शेत असते, गुरे असतात, विवाहाचा चौक असतो. आकृतीला अर्थ येतो तो भोवतालामुळे. यंत्र मात्र आकृती भोवतालातून कापून काढते आणि मग तिचा अर्थ विचारते.

मूकबधिर बांधवांच्या सांकेतिक भाषेत हा भेद फार ठळकपणे दिसतो. तेथे भुवयांची आणि मस्तकाची हालचाल हा व्याकरणाचा भाग असतो. तिच्यामुळे विधानाचा प्रश्न होतो. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञांचा शब्दकोश तयार केला, तो असे भाषिक ज्ञान जोपासण्यासाठीच. साधा प्रश्न विचारणाऱ्या कर्णबधिर तरुणाच्या भुवयांवर एखाद्या यंत्राने 'आश्चर्य' किंवा 'क्रोध' अशी चिठ्ठी लावली, तर दोष तरुणाचा की यंत्राचा?

चुकीची किंमत कोण मोजतो?

चूक कोणाच्या वाट्याला येते, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष भेद सांगणाऱ्या व्यापारी यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. सावळ्या व कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत ते एका यंत्रणेत ३४ टक्क्यांवर गेले. यंत्राने ज्यांचे चेहरे थोडे पाहिले, त्यांच्याविषयी ते अधिक चुकले. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी भारतीय चेहऱ्यांवरील उत्स्फूर्त भावांचा संग्रह तयार केला तो ही उणीव जाणूनच. असे काम आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर व्हावयास हवे. इथली मान डोलावण्याची पद्धत, वडीलधाऱ्यांपुढे खाली जाणारी नजर, पदराआड लपविलेले हसू हे परदेशी चित्रसंग्रहात कोठून असणार? वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा इथे विनय. दुसऱ्या समाजातील माणसांनी शिकविलेले यंत्र त्यालाच आत्मविश्वासाचा अभाव म्हणू शकेल, आणि बोईसरच्या एखाद्या गुणी मुलीची नोकरी तेवढ्यावरून जाऊ शकेल.

खोटे ओळखण्याच्या बाबतीत तर माणसाचाही अहंकार गळून पडावा अशी स्थिती आहे. अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माणसे खरे-खोटे अचूक ओळखण्याचे सरासरी प्रमाण ५४ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जरासेच अधिक, निघाले. अमेरिकेने विमानतळांवर प्रवाशांची वर्तणूक हेरणाऱ्या अधिकाऱ्यांच्या योजनेवर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च केले. २०१३ मध्ये तेथील लेखापरीक्षण संस्थेनेच या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून निधी मर्यादित करण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रालाही या मोहाचा अनुभव आहे. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने दोषी ठरविताना मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला, आणि त्यावर जगभरातील शास्त्रज्ञांनी चिंता व्यक्त केली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात स्पष्ट केले की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या व्यक्तीच्या संमतीवाचून करता येणार नाहीत. मनाच्या दारावर शासनानेही टकटक केल्यावाचून आत शिरू नये, हा या निर्णयाचा आशय आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने सांगितले. तरीही जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी स्त्रियांच्या चेहऱ्यावरील त्रासाचे भाव टिपून इशारा देणाऱ्या कॅमेऱ्यांची योजना मांडली. स्त्रियांच्या सुरक्षेचा हेतू वंदनीयच. पण रस्त्यावरून कपाळाला आठ्या घालून जाणारी प्रत्येक स्त्री संकटात असते काय?

रात्रपाळीतील डोळे

मग हे तंत्रज्ञान सर्वस्वी त्याज्य आहे काय? मुळीच नाही. बोईसर-तारापूरच्या परिसराला तर त्याची एक बाजू अत्यंत उपयोगाची आहे.

थ्री माइल आयलंडचा अणुअपघात १९७९ मध्ये पहाटे चारच्या सुमारास सुरू झाला. भोपाळची वायुगळती १९८४ मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास झाली. चेर्नोबिलचा स्फोट १९८६ मध्ये रात्री १ वाजून २३ मिनिटांनी झाला. या दुर्घटनांमागे तांत्रिक आणि व्यवस्थापकीय दोष होते, हे खरे. पण तिन्ही वेळा माणसे रात्रपाळीवर होती, हेही खरे. दिवस-रात्र चालणाऱ्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्री मालमोटार चालविणाऱ्याला लागलेली डुलकी किती घरे उजाड करू शकते, हेही सर्वांना ठाऊक आहे.

येथे यंत्र खरोखर कामी येते. एका मिनिटात पापण्या किती वेळ ८० टक्क्यांहून अधिक मिटलेल्या होत्या, या साध्या मोजमापावरून झोपेची चाहूल लागते. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकाच्या पेंगेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची केली आहे. यंत्र येथे चालकाच्या मनात शिरत नाही. पापणी मिटली की उघडी आहे, एवढेच पाहते. चुकले तर एकदा विनाकारण घंटा वाजेल. बरोबर ठरले तर प्राण वाचेल.

शरीराची अवस्था ओळखणे आणि मनाचा हेतू ठरविणे या दोन गोष्टींमधील ही सीमारेषा नीट समजून घेतली पाहिजे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने हीच रेषा आखली. २ फेब्रुवारी २०२५ पासून तेथे कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींना मनाई आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी अपवाद. थकवा आणि वेदना या भावना नव्हेत, शारीरिक अवस्था आहेत, असेही तो कायदा सांगतो. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने २०२२ मध्येच चेहऱ्यावरून भावना सांगण्याची आपली सेवा मागे घेण्याचे जाहीर केले होते.

भारताने २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु नोकरीशी संबंधित काही प्रयोजनांसाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. म्हणून कामगार, पालक आणि व्यवस्थापन या सर्वांनीच जागरूक राहिले पाहिजे.

समाजाने विचारावयाचे प्रश्न

कारखान्यात, शाळेत अथवा कार्यालयात असा कॅमेरा बसणार असेल, तर संयमाने पण ठामपणे चार प्रश्न विचारावेत. पहिला, हे यंत्र शरीराची अवस्था पाहणार आहे की मनाविषयी निष्कर्ष काढणार आहे? दुसरा, ते कोणत्या लोकांच्या चेहऱ्यांवर शिकले आहे. त्यात आपल्यासारखी माणसे आहेत काय? तिसरा, त्याचा निष्कर्ष ही केवळ सूचना असेल की त्यावरून वेतन, गुण वा नोकरी ठरेल, आणि अंतिम शब्द कोणत्या माणसाचा? चौथा, टिपलेली चित्रे किती दिवस राहतील आणि कोणाच्या हाती जातील? उत्तरे मिळाली तर यंत्राचे स्वागत करावे. पेंगुळलेल्या कामगाराला जागे करून चहा देण्यासाठी ते वापरले जाणार असेल तर ते हितकारकच आहे. त्याच नोंदीवरून महिनाअखेर त्याचा पगार कापला जाणार असेल, तर कामगार डोळे उघडे ठेवण्याचा अभिनय तेवढा शिकेल आणि धोका होता तिथेच राहील.

या परिसरातील तरुणांना संगणकशास्त्रात रस असेल तर त्यांच्यासाठी येथे मोठे कार्यक्षेत्र आहे. भारतीय चेहऱ्यांचे, भारतीय हावभावांचे, सांकेतिक भाषेचे प्रामाणिक संग्रह संमतीने उभे करणे. त्यांना प्रसंगाची, भोवतालाची जोड देणे. नाट्यशास्त्राने सांगितलेला विभाव यंत्राच्या हिशेबात कसा आणता येईल याचा शोध घेणे. परंपरेचा खरा गौरव अशा परिश्रमांतून होत असतो.

आणि घराघरांतील जबाबदारी तर कोणत्याही यंत्रावर सोपविता येणार नाही. एकाच छताखाली चार माणसे चार पडद्यांकडे पाहत बसली, तर एकमेकांचा चेहरा वाचण्याची सवय आपोआप मोडते. पाळीवरून परतलेल्या वडिलांचे उतरलेले खांदे, एकाएकी अबोल झालेला मुलगा, जेवताना ताटावरून नजर न उचलणारी सून यांची दखल घ्यायला घरात कोणीतरी मान वर करून पाहावे लागते, आणि पाहिल्यावर जवळ बसून 'काय झाले?' असे विचारावेही लागते. यंत्राला अनुभाव शिकविण्याचे काम जगभर चालू राहील. विभाव जाणून घेण्याचे हे काम मात्र आज रात्रीच्या जेवणापासून प्रत्येक घराने सुरू करावे, एवढीच अपेक्षा.